मुंगीच्या मुखी घास

१९३६ च्या दिवाळीत पंचवटीतल्या महिला मंडळाने रांगोळीची स्पर्धा ठेवली. विषय होता ‘माणूस आणि मुकी सृष्टी’. दोन वर्षे समोरच्या दुर्गाबाईंनी पळवलेला पहिला नंबर यंदा घरी आणायचाच, या ईर्ष्येने सत्यभामाबाईंनी अंगणभर गाय-वासरू रेखले. तेही तांदळाच्या पिठाने, मुंगीच्याही मुखी घास पडावा म्हणून. हे कारण त्यांनी आल्यागेल्या प्रत्येकीला ऐकवले.

दुपारी मुंग्या खरोखरच आल्या आणि रांग लावून वासराचा कान खाऊ लागल्या.

“सासूबाई, त्यांच्यासाठीच पीठ घातलंय ना?” सुनेने विचारले.

“परीक्षकबाई येऊन जाईपर्यंत दम निघत नाही का मेल्यांना?” असे म्हणत सत्यभामाबाईंनी घासलेटात बुडवलेल्या काडीने एकेक मुंगी जागच्या जागी निकालात काढली. वास झाकायला उदबत्ती लावली. आता मुंग्या वेचायच्या, तोच परीक्षकबाई दारात उभ्या.

त्या वाकून पाहतच राहिल्या.


“पहिला नंबर तुमचाच. गाय सगळ्यांनीच काढली हो, पण मुंग्यांची आठवण ठेवणाऱ्या तुम्ही एकट्या. आणि किती जिवंत उतरल्यात त्या.”