चालू मशीनमधली डिस्क

"ओढू?" डिस्कच्या खटक्यावर बोट ठेवून हिंदुराव सरांनी विचारलं.

स्पृहाने मान हलवली.

पुण्यात खराडीच्या त्या लॅबमध्ये पंख्यांचा घोंघाट होता. रॅकभर डिस्क कामात होत्या आणि प्रत्येकीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. आजवर यांतली एक जरी ओढली, तरी सगळेच दिवे थबकत. असंच मशीन एका हॉस्पिटलमध्ये होतं. तिथे गेल्या महिन्यात ऑपरेशन चालू असताना कुणीतरी डिस्क बदलली आणि डॉक्टरांसमोरच्या पडद्यावरचं चित्र गोठलं होतं. आज दिवे पुन्हा थांबले, तर कर्नलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात, स्पृहाने केलेला बदल रद्द होणार होता, आणि हॉस्पिटलला कळवावं लागणार होतं, की डिस्क बदलायची तर आधी मशीन बंद करा.

"नक्की काय केलंयस, ते पुन्हा सांग."

"सर, डिस्क काढली की मशीनमधल्या डिस्कच्या यादीतून तिचं नाव खोडायला लॉक लागतं. तोवर बाकी कुणालाच यादीला हात लावता येत नाही. पण आपण नाव खोडल्यावरही तिची राहिलेली कामं निस्तरेपर्यंत लॉक धरून बसायचो. पाहुणे निघताना दारातच उभे राहून तासभर बोलतात ना, तसं. ना कुणाला आत येता येत, ना बाहेर जाता येत. आता नाव खोडलं की मी लॉक सोडते. उरलेलं सगळं दाराबाहेर."

"म्हणजे पाहुण्यांना जिन्यात काढलंस. अमरावतीची म्हणवतेस, पण अगदी पुणेकर झालीस की!"

तिला हसू आलं नाही.

सरांनी खटका दाबला आणि डिस्क ओढली.

एक दिवा विझला. आता बाकीचे थांबतील म्हणून स्पृहा बघत राहिली. ते थांबले नाहीत. विझलेल्या दिव्याच्या वर, खाली, दोन्ही अंगांना लुकलुक तशीच चालू होती. एवढं मोठं काहीतरी त्यांच्यातून निघून गेलं, आणि कुणाचा ठोकाही चुकला नाही. त्या ओळी तिनेच लिहिल्या होत्या, कितीदा तरी तपासल्या होत्या. तरी त्या अशा दिसतील हे तिला माहीत नव्हतं.

सरांनी डिस्क तिच्यापुढे केली.

"धर. आता वळवून बघ."

डिस्क गरम होती. तिने ती वळवली, तशी डिस्कने तिच्या मनगटाला उलटा रेटा दिला. आतली तबकडी अजून फिरत होती.

ती थांबेपर्यंत स्पृहाने डिस्क खाली ठेवली नाही.