हळदीकुंकवाचं बोलावणं

‘संध्याकाळपर्यंत माझं ऐकलं नाहीस, तर फोटो चाळीतल्या प्रत्येक फोनवर जाईल.’

जुईने मोबाइलवरचा हा नवा मेसेज आईपुढे धरला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. काल रात्री आलेल्या फोटोत चेहरा तिचा होता, बाकी सगळं कुणीतरी जोडलेलं. पाठवणारा कोण, तिला ठाऊक नव्हतं. मायलेकी सकाळीच पोलिसांकडे तक्रार देऊन आल्या होत्या. शोधायला वेळ लागेल, म्हणाले. लालबागच्या या चाळीत एका घरात दूध उतू गेलं तरी चार खोल्यांना कळतं. फोटो आला की पोरीला गॅलरीत उभं राहणं मुश्कील.

 वैशालीचं डोकं फिरलं. हा कोण कुठला, माझ्या चाळीला माझ्या पोरीबद्दल सांगणार?

"त्याच्याआधी आपणच सांगितलं तर?" तिने विचारलं. "तू हो म्हणालीस तरच हां."

"कसं सांगणार? ग्रुपवर?"

वैशालीने फळीवरून हळदीकुंकवाचा करंडा काढला. संक्रांतीचे दिवस होते. बोलावणं करायला बाई दारात आली की पुरुष आपसूक आत सरकतात, आणि उंबऱ्यातलं बोलणं बायकांतच राहतं. चाळीतली निम्मी खलबतं अशीच झालेली.

जुईने होकारार्थी मान हलवली.

पहिलं दार चंपाकाकूंचं. यांच्या पोटात काही म्हणून राहत नाही. वैशालीने त्यांना कुंकू लावलं. "परवा हळदीकुंकवाला या. आणि काकू, आज फोनवर जुईचा खोटा फोटो येईल. उघडू नका, पुढे पाठवू नका. नंबर तेवढा मला द्या. घरातल्या पुरुषांनाही तुम्हीच सांगा."

 चंपाकाकू पायात चपला सरकवत म्हणाल्या, "येवं दे मेल्याक. बघतंय मी." आणि वैशालीबरोबर निघाल्या.

दारोदारी तेच बोलणं. दोघीतिघींनी नाकं मुरडली. वैशालीने त्यांच्याही कपाळाला कुंकू टेकवलं आणि पुढे गेली. आवाज कुठेच कापला नाही. 

शेवटच्या खोलीत आकांक्षा एकटीच होती. कॉलेजात जाणारी, जुईहून थोडी मोठी. हल्ली ती कुणाच्या नजरेसच पडत नसे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चौकटीला टेकून खाली बसली.

"काकू, माझापण फोटो आहे त्याच्याकडे. महिनाभर तो म्हणेल ते ऐकतेय मी."

 तेवढ्यात मागून कुणीतरी वैशालीच्या हातातला करंडा घेतला. जुई होती. ती कधी मागे येऊन उभी राहिली, कळलंच नव्हतं. तिने वाकून आकांक्षाच्या कपाळाला कुंकू लावलं.

"तू हो म्हणालीस," जुई म्हणाली, "तर पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात करू."