उरलेल्या गोळ्या

सहाच्या सहा चकत्या हरल्या होत्या. पायलनं डिश उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली. औषधाच्या प्रत्येक चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडायला हवा होता. इथे जंतू चकत्यांना खेटून वाढले होते. औषध नव्हे, पेढेच ठेवले होते जणू त्यांच्यापुढे.

अशा डिश तिला नव्या नव्हत्या. जालन्याच्या कॉलेजात तीन वर्षं ती हेच करत होती. खेड्यापाड्यांतल्या लोकांच्या जखमांमधले जंतू ओळखायचे आणि ते कोणत्या औषधाला जुमानत नाहीत, ते लिहून ठेवायचं. पण या डिशवर तिच्या वहिनीचं नाव होतं. प्रीतीला सहावा महिना होता आणि लघवीची जळजळ दोन महिन्यांत चौथ्यांदा उलटली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला तर बाळ वेळेआधी येईल, आणि इतक्या लवकर आलेलं बाळ वाचवणं अवघड.

पायलनं दुपारची एसटी धरून टेंभुर्णीचं घर गाठलं.

"आई, वहिनीनं आजवर कोणत्या गोळ्या घेतल्या?"

गिरिजाबाईंनी फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. गल्लीत या डब्याचं मोठं नाव होतं. माणूस आजारी पडला की गोळ्या आणी, बरं वाटलं की थांबे, आणि उरलेल्या गोळ्या गिरिजाबाईंकडे पोचत्या करी. पुढे ज्याला गरज पडेल त्याला त्या काढून देत. अन्न टाकू नये तसं औषधही टाकू नये, हा त्यांचा नेम. त्यांचे यजमान साहेबराव थट्टेनं 'डॉक्टरीणबाई' म्हणत, आणि ते त्यांना मनातून आवडे. पायलचे लहानपणचे तापही याच डब्यानं उतरले होते.

तिनं डबा चटईवर पालथा केला. एका पाकिटात सहा गोळ्या उरलेल्या, एकात चार, एकात सात. मागची नावं वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. तिच्या सहा चकत्यांवरची सहाही औषधं तिथे होती. औषधं हरण्याचं जे मूळ शोधत ती तीन वर्षं गावोगाव हिंडली, ते तिच्या आईच्या फळीवर बसलं होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

"हे सगळं वहिनीला दिलंस?"

"दोन-तीन, दोन-तीन दिल्या. बरं वाटलं की बंद. पोटुशीला उगं जास्त औषध कशाला?"

"आई, अर्ध्या औषधानं सगळे जंतू मरत न्हाईत. जे वाचतात त्यांना ते औषध मंग पचून जातं. त्यांचीच पिलावळ वाढती. तूच..."

पुढचं पायलनं गिळलं. पण व्हायचं ते झालं होतं.

"म्हंजी म्याच केलं का हे?" गिरिजाबाई हळूच म्हणाल्या.

पायलला राग आला होता, आणि रागाहून जास्त वाईट वाटत होतं. ती पाकिटं पिशवीत भरू लागली. एक पाकीट जवळजवळ भरलेलं निघालं. दहातली एकच गोळी गेलेली.

"अन् हे?"

"ते कोणी खात न्हाई. शेजारच्या शिवकन्यानं एक खाल्ली, तर लघवी हळदीवानी पिवळी झाली. भेली ती. मंग गल्लीत कोणी हातच लावला न्हाई. बिलकुल न्हाई."

पायलनं नाव वाचलं. औषध जुन्या काळातलं होतं आणि फक्त लघवीच्या संसर्गावर चालणारं. म्हणून तर तिच्या जखमांच्या यादीत ते कधी आलंच नव्हतं. तिला एकदम वाटलं, ज्या गोळीला गल्लीत कोणी शिवलं नाही, तिची या जंतूंनाही सवय झाली नसेल.

त्याच संध्याकाळी तिनं जालन्यात वहिनीच्याच जंतूंच्या नव्या डिशमध्ये या औषधाची सातवी चकती ठेवली. सकाळी तिच्याभोवती रुपयापेक्षा मोठा स्वच्छ गोल पडला होता. तो पाहून पायल तिथल्या स्टुलावर बसून चक्क रडली. डॉक्टरांनी अहवाल वाचला, प्रीतीला तपासलं आणि त्याच औषधाचं नवं पाकीट लिहून दिलं. लघवी पिवळी होईल, भिऊ नका, हेही बजावलं.

तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली.

"आत्याबाई, आता बरं वाटून राह्यलं," प्रीती सासूला म्हणाली. "बाकीच्या गोळ्या डब्यात ठेवू का?"

"एक बी उरवायची न्हाई," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि दर वेळी पाण्याचा तांब्या घेऊन सुनेसमोर बसू लागल्या. शेवटची गोळी पोटात गेली तेव्हा रिकामं पाकीट त्यांनी पदराला बांधून ठेवलं.

काही दिवसांनी पायलचा फोन आला. वहिनीची नवी डिश कोरी होती, जंतूंचा मागमूस नव्हता. गिरिजाबाईंनी फोन ठेवला, पदराची गाठ सोडली आणि फळीवरचा डबा खाली घेतला.

इतक्या वर्षांत त्या डब्यात रिकामं पाकीट पहिल्यांदाच पडलं.