पहिल्या रांगेतला अंधार

"तारा आतल्या आत कोसळू लागतो," शास्त्रज्ञ म्हणाले, "आणि मग..."

तेवढ्यात कुणीतरी सभागृहातले दिवे घालवले. पडद्यावर भलामोठा लाल तारा उमटला. मागून टाळ्या पडल्या.

मंचाखाली उभ्या असलेल्या दुभाषी बाईचे हात हवेतच राहिले. तिच्यासमोर पहिल्या रांगेत दहा-बारा बहिरी माणसं बसली होती, त्यात तिचा थोरला भाऊही होता. व्याख्यान ती त्यांना खुणांच्या भाषेत सांगत होती. आता त्यांना तिचे हातच दिसत नव्हते.

ती भिंतीच्या कडेने संयोजकांकडे गेली. "दिवे लावा. निदान माझ्यावरचा एक तरी."

"अहो ताई, चित्रं फिकी पडतात. मागे एवढे लोक बसलेत."

"आणि पुढे बसलेत ते?"

"त्यांना चित्रं दिसतायत की!" संयोजक हसले. "पहिली रांग दिली, फुलं दिली. आणखी काय करायचं?"

तिच्या डोक्यात सणक गेली. या शास्त्रज्ञांचं एकही पुस्तक दादाने सोडलं नव्हतं. एखादं वाचून झालं की तो जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडायचा, ग्रह फिरवायचा आणि तिला समजेपर्यंत उठू द्यायचा नाही. कृष्णविवराला खूण नव्हती. ती त्यानेच बसवली होती. आज तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

ती तरातरा मंचावर चढली आणि पडद्यासमोर उभी राहिली. लालभडक तारा तिच्या तोंडावर, दंडांवर पडला. हातांच्या सावल्या पडदाभर पसरल्या.

"अहो बाई, खाली उतरा!"

"हाकला हिला!"

तिने तेही हातांनी सांगितलं. खाली उतरा. हाकला हिला. एक शब्द गाळला नाही. पहिल्या रांगेतली सगळी डोकी वळली आणि मागे ओरडणाऱ्यांकडे बघू लागली.

शास्त्रज्ञांनी चष्मा काढला. "तुम्ही चित्राच्या मध्ये उभ्या आहात."

"हो. दुसरीकडे कुठे उजेडच नाही."

दादा ताडकन उठला. त्याचे हात झपझप चालले. तो तिच्यावरच भडकला होता.

"काय म्हणतायत?" शास्त्रज्ञांनी विचारलं.

"म्हणतोय, तुझं भांडण नंतर कर. तारा कोसळतो, आणि मग काय?"

शास्त्रज्ञांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तुटकपणे म्हणाले, "दिवे लावा."

दिवे लागले. पडद्यावरचा तारा पार विटून गेला. मागे कुरकुर सुरू झाली.

"मग इतकी ओढ तयार होते," ते सावकाश म्हणाले, "की प्रकाशसुद्धा सुटत नाही."

तिने दोन्ही पंजे पसरले आणि दात-ओठ खात मुठी आवळल्या. बोटांची पेरं पांढरी पडली. दादाने मान हलवली, एकदा, मग पुन्हा.

"समजलं का यांना?" शास्त्रज्ञांनी तिला विचारलं.

"मला काय विचारता? त्यांना विचारा."

शास्त्रज्ञ मंचाच्या कडेशी आले. लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यांदा म्हणाले, "स-म-ज-लं?"

दादाने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. बाह्या वर सारल्या आणि हात उचलले. हात वर गेले, वळले, एकमेकांभोवती फिरले, थबकले, पुन्हा निघाले. शेजारचे दोघं खुदकन हसले. मग सगळी रांग हसली.

"काय म्हणतायत?" शास्त्रज्ञ म्हणाले. मागून कुणीतरी उठून उभं राहिलं. "अहो, काय म्हणतोय तो?"

"थांबा," ती म्हणाली. "त्याचं संपू दे."

सगळं सभागृह त्या दोन हातांकडे बघत ताटकळत राहिलं. आणि दादाला बरंच बोलायचं होतं.