चौथ्या पॅनलचा दुपट्टा

"टाकतो चारही पॅनल रिमोटवर, मॅडम, पण आज हे संपवा एकदाचं," असं म्हणत ऑपरेटर वामन खुर्चीतून उठला.

कळंब रोडवरच्या त्या सबस्टेशनात आठवडाभर हेच चाललं होतं. इंजिनियर मिताली भिंतीवर एक पेटी बसवत होती. गेटवे म्हणायची ती तिला. इथल्या जुन्या यंत्रांचं बोलणं ही पेटी यवतमाळच्या कंट्रोल रूमला कळवणार, आणि तिथून बटण दाबलं की इथला लाइनचा ब्रेकर चालू-बंद होणार. मग ऑपरेटरचं काय, हे वामननं विचारलं नव्हतं. कापसाचा धंदा बसला, जिनिंग मिलला कुलूप लागलं, तेव्हा तिथं कामाला असलेल्या त्याच्या भावाला तरी कोणी विचारलं होतं?

एकेका पॅनलचा खटका त्यानं रिमोटवर, म्हणजे यवतमाळच्या हाती, केला. चौथ्याच्या, हातानं लाइन चालू करायच्या मुठीला लाइनमन धरमसिंगचा दुपट्टा बांधलेला होता. खांबावर जाताना लाइनमननं लाइन बंद करून दुपट्टा बांधायचा आणि परत आल्यावर स्वतःच सोडायचा, ही तिथली रीत. तोवर त्या मुठीला कोणी बोट लावत नसे. दुपट्टा आहे म्हणजे काळजी नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं. लोंबता पदर बाजूला सारून वामननं चौथा खटकाही फिरवला.

मिताली पेटीकडं तोंड करून यवतमाळशी फोनवर बोलत होती. तीन पॅनल तिथून चालू-बंद करून झाले.

"हं, आता चौथा चालू करा."

धाडकन आवाज झाला. चौथ्यावर लाइन चालू झाल्याचा लाल दिवा लागला. मुठीला कोणी हात लावला नव्हता, दुपट्टा जसाच्या तसा होता.

"बंद... बंद करा तो," वामनच्या तोंडून कसंबसं निघालं. "माणूस आहे लाइनवर."

मिताली गर्रकन वळली. तिनं फोनवर सांगितलं, दिवा हिरवा झाला. वामननं धरमसिंगला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला. तो तिथंच खाली बसला.

बऱ्याच वेळानं फाटकातून धरमसिंग मोटारसायकल ढकलत आला, घामानं निथळत.

"कायले फोन करून राह्यले जी? रस्त्यातच पंक्चर झाली. खांबापर्यंत पोचलोच नाही."

वामनच्या जीवात जीव आला. धरमसिंग सरळ चौथ्या पॅनलपाशी गेला आणि त्यानं आपला दुपट्टा सोडला.

"गाडी बनवून येतो. तोवर करा लाइन चालू. लोकं कपाशीच्या पाण्यासाठी बोंबलून राह्यले."

"झालती चालू," वामन खाली पाहत म्हणाला. "मघाच. यवतमाळहून. खटका मीच फिरवला होता. तुहा दुपट्टा बांधून होता तवा."

धरमसिंगनं मुठीकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या पेटीकडं. घाम डोळ्यांत उतरत होता. दुपट्टा हातात होता, तरी घाम पुसायचं त्याला सुचलं नाही.

"मंग आता हा कुठी बांधू, भाऊ?"