घोटानंतरचं अर्धं मिनिट

गल्लीतल्या ओदीलच्या वाइन बारमध्ये मी यंदाची पहिली बाटली उघडली. माझ्या वाइनमध्ये द्राक्षांशिवाय काही नसतं, टिकवणारं रसायनही नाही, म्हणून ती कधीकधी बिघडते; घोट गिळल्यावर अर्ध्या मिनिटाने तोंडात उंदराच्या बिळासारखा वास भरतो. तो मला, खुद्द वाइन करणाऱ्यालाच, कळत नाही. निवृत्त पोस्टमन बर्नारला मात्र हमखास कळतो. गेल्या वर्षी त्याने तोंडाची चव घालवायला मुकाट्याने पाव खाल्ला होता आणि मी सगळी पिंपं गटारात ओतली होती. आज त्याने घोट गिळला. “काय काका, सापडला का उंदीर?” ओदीलने विचारलं. “थांब गं बये, वीस सेकंद आहेत अजून.” मी मनात वीसपर्यंत मोजलं. बर्नारचा हात पावाकडे गेला. मी बाटली मागे ओढली. त्याने तुकडा तोडून माझ्यापुढे धरला. “घे, खा. तुझ्या तोंडचं पाणी पळालंय. आणि माझा ग्लास भर.”