पाच मिनिटं

"हितंच बस. हालू नको. पोरं संबाळ. म्या आले पाच मिनिटांत," असं सुनेला सांगून चांगुणाबाई कोल्हारच्या आठवडी बाजारात शिरली, ती थेट सहादू गूळवाल्याच्या पालामागं जाऊन उभी राहिली.

पालाच्या फटीतून लिंबाचा पार सरळ दिसत होता. पारावर सून रतन, तिच्या मांडीवर दीड वर्षांचा नातू, शेजारी चार वर्षांची नात. तिघं परवाच शिकागोहून आलेली. पाराला सावली होती, फक्त रतन बसली होती तेवढा कोपरा सोडून. तो कोपरा चांगुणाबाईनं काल येऊन निवडून ठेवला होता.

"काय दिऊ, काकू?" सहादूनं विचारलं.

"काय नगं. मला नुसतं उबं ऱ्हायचंय."

"किती वेळ?"

"चार तास."

सहादूनं हातातली तागडी खाली ठेवली.

चार तासांचा हिशेब असा होता. नातवाच्या वेळच्या बाळंतपणाला मुलानं, राधाकृष्णानं, चांगुणाबाईला विमानानं अमेरिकेला नेलं होतं. तिकडं एक छपराखालचा बाजार असतो, त्याला मॉल म्हणतात. दुकानं दोनशे, पण आरडाओरडा नाही. भाव ठरलेला, त्यामुळे माणसाला माणसाशी बोलायचं कारणच पडत नाही. त्या मॉलातल्या एका बाकावर रतननं सासूला बसवलं, तान्हं मांडीवर दिलं, थोरलीचा हात हातात दिला आणि "पाच मिनिटांत आले, आत्या" म्हणून गेली ती चार तासांनी उगवली. तान्हं रडून निळं झालं. थोरली जागीच ओली झाली. खुद्द चांगुणाबाईला जायचं होतं, पण कुठं जायचं आणि कोणत्या भाषेत विचारायचं? येणारे-जाणारे तिच्याकडं बघून गोड हसत आणि पुढं जात. शंभरेक जण हसले असतील. बाई, तू कोण, कुठली, हे एकानं विचारलं नाही. शेवटी रतन आली. हातात मोज्यांचे तीन जोड. म्हणाली, "बरं झालं, आत्या, तेवढाच तुम्हाला आराम."

ते वाक्य चांगुणाबाईनं पदराच्या गाठीत बांधून विमानातून कोल्हारला आणलं आणि दीड वर्ष घासूनपुसून लख्ख ठेवलं. आज ते सुनेला जसंच्या तसं परत करायचं होतं.

पहिली दहा मिनिटं फार चांगली गेली. नातवानं भोकाड पसरलं. रतननं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, मान उंच केली, पदर डोक्यावर ओढला, पुन्हा घड्याळात पाहिलं. चांगुणाबाईनं समाधानानं गुळाचा एक खडा तोंडात टाकला.

तेवढ्यात समोरची राहीबाई भाजीवाली उठली.

"कुनाची गं तू?"

"राधाकृष्णांची. म्हणजे... चांगुणाबाईंची सून."

"आगं बया! अमेरिकावाली! मग अशी उनात का बसलीस वाळवनावानी? सरक हिकडं."

"बसू दे की तिला," पालामागं चांगुणाबाई दातओठ खात पुटपुटली.

राहीबाईनं बसू दिलं नाही. तिनं रतनला सावलीत ओढलं, तेवढ्यात आणखी पाचसहा बाया येऊन बसल्या. एकीनं पोरगं उचललं, दुसरीनं जुन्या लुगड्याची झोळी लिंबाला टांगली. पोरगं तिच्यात पडल्या पडल्या झोपलं. थोरली राहीबाईच्या पाटीमागं बसून अमेरिकन सुरात कोथिंबीर विकू लागली. कुणी पेरू दिला, कुणी चहा मागवला, मग परत चहा मागवला.

दुसऱ्या चहाला चांगुणाबाईला जरा धीर आला. दोन कप चहा पोटात गेल्यावर बाईमाणूस कुठंतरी अडतंच. आणि पाराला लागून घर होतं एकच, लंकाबाईचं. लंकाबाईशी बांधावरून भांडण होऊन चार वर्षं बोलणं बंद होतं. तिच्या दारात चांगुणाबाईच्या सुनेला कोण उभं करणार?

लंकाबाई स्वतःच आली. रतनच्या कानाशी काहीतरी पुटपुटली, हाताला धरून घरात घेऊन गेली, आणि परत आणताना रतनच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा होता.

"काकू, आता तरी टेका पोत्यावर," सहादू म्हणाला.

"तू गूळ इक."

चार तास भरले. चांगुणाबाईचे पाय लाकडासारखे झाले होते. ती पालामागून निघाली, लंगडत पाराशी आली, सुनेसमोर उभी राहिली आणि गाठीतलं वाक्य काढायला तिनं तोंड उघडलं.

"बरं झालं तुम्ही मला इथं बसवलंत, आत्या," रतनच आधी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तिकडं गेल्यापासून असा आराम नव्हता हो झाला."

चांगुणाबाईचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग ती गर्रकन वळली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा लंकाबाईशी बोलली.

"एवढा मोटा बाजार भरवता, अन् एका बाईला धड एकटं बसू देत न्हाई व्हय गं तुमी?"

लंकाबाई फक्त पारावर थोडी सरकली.

चांगुणाबाईनं ती जागा बराच वेळ पाहिली. मग बसली. पण लंकाबाईकडं पाठ करून.